किटबॅगेतलं इष्टलिंग

अप्पा, शरणार्थ.

सकाळी फोनवर तुमी इचारलं, "इष्टलिंग गळ्यात हाय ना?" मी हाय म्हणले. न्हाई अप्पा. स्मॅश मारताना ते छातीवर आपटतंय, म्हणून दीक्षेतलं लिंग अंगावेगळं करायचं नसतंय हे ठाऊक असूनबी, चार स्पर्धांपासून मी खेळताना ते किटबॅगमध्ये काढून ठेवायले. आन् ह्या स्पर्धेला येताना विमानातून ती बॅग आलीच न्हाई. सर म्हणतेत, रॅकेट काय, कुणाचीबी मिळती. त्यांना काय सांगू?

आज सिंगल्सची फायनल. तुमी गंगाखेडच्या दुकानात मोबाईलवर बघताल, आन् आधी माझा गळाच बघताल. म्हणून रॅकेटच्या तारेचा तुकडा दोऱ्यासारखा गळ्यात बांधलाय, टोक शर्टात खोचलंय.

हारले तर निभंल. पण जिंकले आन् तुमी गावभर लिंगाचा गुण सांगत फिरलात, तर घरी कसं यावं?

तुमची खोटं बोललेली,
अनुपमा