बाप्तिस्म्याला न पोहोचलेल्या धर्मपित्याचे निवेदन

पाताकामाया,
बुधवार

कनिष्ठ भगिनी दोमितिला हिस वडीलबंधू सेनोबियो याचे अनेक आशीर्वाद. प्रभूची शांती तुझ्या घरावर, कोंबड्यांवर आणि तुझ्या दुखऱ्या खांद्यावर असो. खांदा आता कसा आहे? जावईबापूंची बढती झाली का? माझी प्रकृती, गुडघे वगळता, देवाच्या कृपेने ठीक आहे. गुडघ्यांविषयी पुढे येईलच.

रविवारी फोनवर तू रडलीस, मी ओरडलो, आणि “दादा, तुला यायचंच नव्हतं” असे म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून उचलतही नाहीस. नाइराचा धर्मपिता मी व्हावे हे तिच्या जन्माआधीपासून ठरले होते. चाळीस वर्षे इतरांच्या लेकरांना धर्मशिक्षण दिलेल्या माणसाने स्वतःच्या बहिणीच्या नातीला वेशीवर सोडून द्यावे, असा डाग घेऊन मला देवापुढे जायचे नाही. म्हणून हा कागद. रागाच्या भरात का होईना, शेवटपर्यंत वाच.

बाप्तिस्मा दुपारी एकला. मी पहाटे पाचला, नाइराचा पांढरा अंगरखा आणि मेणबत्ती पिशवीत घेऊन, नाक्यावर हजर. सात जणांची गाडी होती आणि आत आम्ही पाच. चालक फ्रोइलान (तोंडात थकवा मारणाऱ्या कोकाच्या पानांचा तोबरा, त्यामुळे त्याचा उजवा गाल नेहमी सुजल्यासारखा) दोन तास एकच घोष करीत होता, “दोनच हवेत, दोनच! बसा की, निघालोच!” प्रलयाआधी नोहाने तारू भरण्यास एवढा वेळ घेतला असता तर आज आपण कोणीच नसतो. सव्वासातला माझा संयम संपला आणि दोन्ही रिकाम्या जागांचे भाडेही मीच भरले. म्हणजे मी एकटा माणूस तीन माणसांचा खर्च करून निघालो. फ्रोइलानने माझा हात दाबला आणि म्हणाला, “आजोबा, देव तुमचं भलं करो, मलाही आज फार घाई आहे.” (ही घाई कसली, हे विचारायला हवे होते. शास्त्र वाचणाऱ्या माणसाला साधा प्रश्न सुचत नाही, हा माझा जुना दोष.)

पुढच्या वळणावर हात करून एक बाई चढल्या आणि चीजच्या टोपलीसह माझ्या विकत घेतलेल्या दोन्ही जागांवर पसरल्या. नाव बासिलियाबाई. मी नम्रपणे सांगितले की या जागांचे पैसे मी भरले आहेत. “मग बरंच झालं,” त्या म्हणाल्या, “देवानं तुम्हाला दिल्या, तुम्ही मला द्या. की पुण्य नुसतं देवळातच करता?” गाडी हसली. फ्रोइलानने त्यांच्याकडूनही भाडे घेतले, तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थना करीत असल्याचे दाखवले.

गाडी मात्र वाऱ्यासारखी धावली. काराकोयोच्या अलीकडे रस्त्यावर दगड, जळते टायर आणि आडव्या लावलेल्या गाड्या दिसल्या. भाडेवाढीसाठी चालकांच्या संघाने रस्ता अडवला होता. तिथे फ्रोइलान वेग कमी करून उभा राहील असे मला वाटले. त्याने सफाईने गाडी वळवली आणि उरलेल्या फटीत आडवी लावून इंजिन बंद केले. “साडेनऊची हजेरी आहे, आजोबा. चुकली की संघ दंड करतो. तुमच्यामुळे वेळेत पोहोचलो!” दोमितिला, ज्या गाडीच्या मोकळ्या जागांचे पैसे मी भरले, त्याच गाडीने माझी वाट अडवली गेली. हे दुःख शास्त्रातल्या सोशिक ईयोबाच्याही वाट्याला आले नव्हते. त्याच्याकडे उंट होते.

मग सगळ्यांसारखा मीही पायी निघालो. सहा किलोमीटर दगडांतून. बासिलियाबाई टोपली डोक्यावर घेऊन पुढे, मी मागे. त्या वळून ओरडत, “चला हो, धर्मपिते! पोरगी लग्नाची होईल तोवर पोहोचाल!” पलीकडे उभ्या असलेल्या गाड्या त्याच संघाच्या होत्या आणि तिप्पट भाडे घेत होत्या. (इकडे अडवणारे आणि तिकडे नेणारे एकाच थाळीत जेवतात, हे मला तिथे बसून कळले.) वृद्धांची सवलत मागितली तर तिथला चालक म्हणाला, “सवलत सपाट रस्त्याला असते, आजोबा, हा घाट आहे.” अर्ध्या तासाने दुसरा अडथळा. पुन्हा पायी. घाटमाथ्यावर गारा सुरू झाल्या, गुडघ्याने नकार दिला, आणि मी दगडावर बसून घड्याळात एक वाजलेला पाहिला. तिथून तुमच्या बाजूला हात करून मी सैतानाचा त्याग केला आणि जी उत्तरे धर्मपित्याने द्यायची ती सगळी मोठ्याने दिली. बासिलियाबाईंनी “आमेन” म्हटले आणि चीजचा तुकडा दिला. तेवढाच माझा समारंभ.

तीनच्या सुमारास मागणी मान्य झाली आणि रस्ता खुला झाला. तुमचा समारंभ तोवर उरकलेला, म्हणून माघारी वळलो, तर परतीला फ्रोइलानच भेटला. “आजोबा, तुमचा पायगुण!” म्हणून त्याने माझ्याकडून वाढीव भाडे घेतले. त्या रस्त्यावर नवे भाडे भरणारा पहिला मनुष्य मी.

माझ्या जागी तुझे शेजारी इलारिओन धर्मपिता झाले, असे ऐकले. सज्जन आहेत. त्यांना देवळापर्यंत यायला चपला पुरल्या. माझी तक्रार नाही.

तुझा थकलेला बंधू,
सेनोबियो

ता. क. या वयात पुन्हा घाट चढणार नाही, हे मी वेदीपुढे ठरवले आहे. यावर चर्चा नको.

ता. क. दुसरा. बाप्तिस्मा झाला तो झाला. परंतु नाइराचे जावळ अजून कोणी काढले नाही ना? पहिली बट जो कापतो तोही धर्मपिताच मानला जातो, हे तुला माहीत आहेच. इलारिओन किंवा अन्य कोणी कात्री उचलू नये एवढे बघ. केसांचा गुंता झाला तरी चालेल.

ता. क. तिसरा (पेन्सिलीने, शनिवारी). टपालाचा भरवसा वाटला नाही. हा कागद मी स्वतः तुझ्या दाराखालून आत सरकवतो आहे. उत्तर लिहिण्याचे कष्ट घेऊ नकोस. पायरीवर बसलो आहे. वाचून झाले की दार उघड.