बन्सीच्या गाडीच्या कार्बोरेटरबाबत

मी, मालन आप्पासाहेब औताडे, वय ५९, राहणार कोपरगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी मला खरे सांगितले आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचाही दाब नाही.

१. माझ्या वडिलांनी मला दिलेली येवला रस्त्यावरची सहा गुंठे जागा, तीवरील पत्र्याची शेड आणि आतली सर्व हत्यारे मेकॅनिक लालमहंमद शेख, हल्ली राहणार नगर, यांना द्यावीत. मोटारींचे काम सोडून ते आता नगरला सायकली दुरुस्त करतात. हे माझ्यामुळे.

२. माझा एकुलता एक मुलगा बन्सी याने एक जुनी मोटार घेऊन तिचे टप आणि बॉनेट काढून टाकले. नगरच्या लष्करी लिलावातले आठ सिलिंडरचे इंजिन तिच्यात बसवायचे, आणि जिल्ह्यात सगळ्यांत वेगाने पळवायची, असा त्याचा हट्ट. जुळणारे भाग शोधण्यात दोन वर्षे गेली. गॅस्केट पुण्याच्या भंगारात मिळाले, तर वॉटर पंपाची भोके जुळेनात. मुंबईच्या दुकानाचा कॅटलॉग इंग्रजीत होता, आणि घरात इंग्रजी मलाच येत होते. संध्याकाळी शेडमध्ये मी खुर्चीवर बसून नंबर वाचायचे, बन्सी आणि लालमहंमद खाली बसून ऐकायचे. कॉन्व्हेंटचे शिक्षण अखेर कामी आले, याचा मला गर्व होता. आयुष्यातला तेवढाच काळ मला परत हवासा वाटतो.

३. मे १९६३ मध्ये कार्बोरेटर आला. लालमहंमद म्हणाले, "बाईसाहेब, बुकात अजून काय लिव्हलंय का बघा. परक्या इंजनाचा माल हाय."

बन्सी हसला. "चाचा, तुमी पत्रिका बी जुळवून घ्याल!"

"घेतो की. तुज्या आधी हिचं लगीन लावायचंय."

मी म्हणाले, "काही नाही, बसवा." मी पान उलटून पाहिलेच नव्हते.

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की, अॅक्सिलरेटर मागे खेचणारी स्प्रिंग या कार्बोरेटरची स्वतःचीच हवी, ती वेगळी मागवावी. लालमहंमदांनी इंजिनाची जुनी स्प्रिंग लावली. चौथ्या दिवशी कालव्याच्या वळणावर बन्सीने पाय उचलला, पण अॅक्सिलरेटर मागे आला नाही. गाडी कालव्यात गेली.

४. अंगणात माणसे जमली होती. माझे यजमान ओरडले, "जुनी स्प्रिंग लावलीस, लाल्या! माझं पोर खाल्लंस!" लालमहंमदांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "चुकलं, मालक." आणि गाव सोडून गेले. ते मागचे पान मी तेराव्यानंतर वाचले, पण त्या दिवशी अंगणात मला एवढे तरी ठाऊक होते की वाचणारी मी होते. साडेनऊ वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही.

५. नणंद गोजरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "तरी सांगत हुते, परक्याच्या हातात पोर देऊ नगा." माझ्या पाटल्या त्यांना द्याव्यात, पण लालमहंमदांच्या घरी जाऊन चहा घेतल्यावरच. मी त्यांच्याहून मोठी अपराधी आहे, हे जाणून हे लिहिते.

६. कालव्यातून काढलेले इंजिन शेडमध्ये आहे. ते कोणत्याही गाडीत बसवू नये. कॅटलॉग माझ्या ट्रंकेत आहे. तो लालमहंमदांना द्यावा आणि ते पान गावातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांसमोर मराठीत वाचावे.

७. यजमानांना मी काही ठेवत नाही. हे ऐकल्यावर माझ्या हातचे त्यांना काही नको असेल. साक्षीदाराला मजकूर कळण्याची गरज नसते, असे वकील सांगतात. तरी साक्षीदार म्हणून यजमानांची सही मागण्याआधी मी त्यांना हे सगळे वाचून दाखवणार आहे.

कोपरगाव, ता. ७ नोव्हेंबर १९७२

मालन आप्पासाहेब औताडे

साक्षीदार:

१. छगन भीमा दवंगे, निवृत्त पोस्टमास्तर. सही आमच्यासमोर झाली.

२. आप्पासाहेब सहादेव औताडे. ता. ७ ला ऐकले. सही ता. १६ ला करतो आहे. लालमहंमदला आणायला मी स्वतः जातो.