मांजर आणि चांदण्या

३ नोव्हेंबर

कशाला म्हणजे? हौस! म्हाताऱ्या बाईला हौस नसावी असा कायदा आहे का? — असं लेकीला फोनवर ठणकावलं.

तिला हौसेचं काही नाही, तिला जिन्याचं आहे. गेल्या महिन्यात गच्चीच्या जिन्यावरून पडले, मनगट मुरगळलं. मांजर पायात आलं, दुसरं काय! पण तिचं एकच पालुपद — "आई, एकटी राहणं बास झालं. कुलूप लाव आणि चल इकडे." महिनाअखेरीला येतेय. मला न्यायलाच.

म्हटलं, धडपडणाऱ्या बायका रात्री गच्चीवर जाऊन चांदण्यांचे फोटो काढतात का? तू ये, भिंतीवर लावून दाखवते. मग बघू कशी नेतेस मला.

बोलून बसले. आता निस्तरा!

४ नोव्हेंबर

जावईबापू मागच्या खेपेला जुना कॅमेरा इथंच टाकून गेले होते. तीन पायांचा स्टँडपण आहे. फोनवर शिकवतात. "आई, रात्री उजेड कमी ना, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. तीस सेकंद. तेवढ्यात तो उजेड गोळा करतो."

म्हणजे नळाला करंगळीएवढी धार, आणि आपण खाली हंडा लावून बसायचं. एवढंच ना? हे तर जन्मभर केलं.

५ नोव्हेंबर

सात फोटो. सातही काळेकुट्ट. जावईबापूंना पाठवले. लगेच त्यांचा फोन. मग हळूच — "आई, पुढचं झाकण काढलं होतं ना?"

नव्हतं काढलं!

"तुमची परीक्षा घेत होते, जावईबापू. पास झालात." ते खो खो हसले. मला नाही हसू आलं.

८ नोव्हेंबर

झाकण काढलं, तर आता चांदण्यांची गांडुळं झालीत. "बोटानं बटण दाबता ना, तेवढ्यानंही हलतो तो. टायमर लावा आणि बाजूला व्हा."

बाजूला झाले — आणि स्टँडच्याच पायात पाय! कॅमेरा कठड्यावर आपटता आपटता झेलला. मेला काळा स्टँड. रात्रीच्या वस्तूला काळा रंग देणाऱ्याचं डोकं कुठं असतं?

९ नोव्हेंबर

स्टँडच्या तिन्ही पायांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या. त्याच हातानं जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांनाही चुना फासला. शेजारीण बघत होती. "हे गं काय?"

"मांजराला दिसावं म्हणून."

१२ नोव्हेंबर

नुसता कापूस! एक चांदणी धड नाही. "पडद्यावर एक ठळक तारा मोठा करा आणि भिंगाभोवतीचं कडं फिरवून त्याचा अगदी बारीक टिपका करा." सांगायला काय जातं? कडं फिरवून बोट दुखलं. तारा सापडेल तर टिपका होणार ना! जावईबापूंना म्हटलं, चष्मा खाली राहिला.

चष्मा नाकावरच होता.

१४ नोव्हेंबर

दिवसाढवळ्या लांबच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखला. टाकीची शिडी स्वच्छ दिसली, तिथंच कड्यावर लाल टिपका दिला — लेकीची नेलपॉलिश राहिली होती कपाटात. वर चिकटपट्टी. आता रात्री शोधाशोध बंद!

गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, ही पोरगी अभ्यास टाळायला जेवढं डोकं लावते तेवढं अभ्यासाला लावेल तर! बरोबर म्हणायचे.

१७ नोव्हेंबर

शटर उघडं, आणि शेजारीण बडबडत समोरून इकडून तिकडे. म्हटलं, फुकट गेला हाही. बघते तर फोटोत बाई नाहीच! जरासा धूर, बस. एका जागी थांबत नाही ते उमटत नाही म्हणे.

"बघ," म्हटलं, "तुला गप्प करणं तुझ्या नवऱ्याला जमलं नाही, यानं पुसूनच टाकलं."

रुसली. जाता जाता म्हणाली, "वर तरी बघ गं, काय चांदणं फुललंय!"

"बघतेय की."

फोटो हललेला. परत गच्छंती.

२१ नोव्हेंबर

फोटोत लाल-निळे दाणे येतात म्हणून काल जावईबापूंनी कॅमेऱ्यातली कसलीशी सोय चालू करायला लावली. आज परत तीस सेकंदांचा लावला. शटर मिटलं — आणि कॅमेरा मुका! बटणं दाबली, चापट मारली, हूं नाही की चूं नाही. मेला वाटतं! बॅटरी उपसली.

"अहो आई, तो दाणे साफ करत होता. फोटोला लागला तेवढाच वेळ परत लागतो. आता तो फोटो गेला."

गेला. चांगला आला असता तो, मला ठाऊक आहे.

पायरीवर बसून रडले. कॅमेऱ्यासाठी का कोण रडतं? हे घर सोडून लेकीच्या सोफ्यावर पाहुणी होऊन बसायचं, त्याचं रडू ते.

२४ नोव्हेंबर

ढग. मेले ढग.

२७ नोव्हेंबर

आला!!

टाकीच्या वर, तारांच्या वर, सगळीकडे. मीठ सांडावं तशा. ठळक, फिकट, मध्येच पिठाची चिमूट उधळल्यासारखा पट्टा. पडदा विझला की परत पेटवायचा, परत बघायचं. चहाचं आधण आटून गेलं.

लेकीला पाठवला. लगेच फोन. "आई! हा तू काढलास? बाई गं, डोळे माझ्याहून तेज आहेत की तुझे! बरं, राहा तिथंच. हरले मी."

जावईबापू मागून ओरडले, "गुरू कोण?"

"लाल टिपका," म्हटलं.

२८ नोव्हेंबर

जिंकले, तर झोप लागेना.

दोन वर्षं झाली. अंधार पडला की मला दिसत नाही. वर बघितलं तर नुसता काळा पत्रा. काल पाहिल्या त्या चांदण्या मी फोटोतच पाहिल्या.

मांजर नव्हतं. पायरीच दिसली नाही.