पोचल्याचा फोन

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहोत. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

बबडीचं तुला ठाऊकच आहे. मी नजरेआड झाले की आपल्या आईला काहीतरी होणार, ही भीती तिच्या डोक्यात ठाण मांडून बसलेली. प्रत्येक मधल्या सुट्टीत शाळेतून फोन. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा अर्धवट ठेवून मी धावायचे, बरी आहे गं म्हणायचे. तिला तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी तिला समुपदेशक बाईंकडे नेलं. त्या गोड बोलून भीती काढतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! त्यांनी बबडीला आधी अंदाज करायला लावला, की फोन केला नाही तर काय होईल. मग फोन न करता घरी येऊन बघायचं, खरंच काय झालं. आणि "काही होणार नाही" असा धीर तिला द्यायचा नाही, अशी मला ताकीद. पहिल्या दिवशी ती थेट दुकानात आली, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि जरा नाराजीनंच म्हणाली, "काहीच झालं नाही की गं तुला." मला हसू आवरेना. मग बाईंनी एकेक पायरी वाढवत नेली. परवा तर बबडी मैत्रिणीकडे मुक्काम करून आली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आल्यावर माझी चौकशीसुद्धा केली नाही कार्टीनं.

फक्त एक घोळ झाला. त्या मुक्कामात मीच मैत्रिणीच्या आईला गुपचूप सारखे फोन करत होते. बबडीला कळलं, आणि तिनं ते बाईंसमोर सांगून टाकलं. काय सांगू, कानकोंडी झाले.

तर आता मुद्दा. शनिवारी सकाळच्या बसनं बबडी एकटी तुझ्याकडे येतेय. स्टँडवर जा, हवे तेवढे लाड कर, पण ती पोचल्याचा फोन मला करू नकोस. मी केला, तर उचलू नकोस. बस चुकली-बिकली तर गोष्ट वेगळी. ताई, ही पायरी तिची नाही, माझी आहे, आणि ती तिनंच सुचवलीय. काल तिनं मला माझा अंदाज विचारला. मी उगाच चष्म्याच्या काचा पुसत बसले. तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हात धरते मी. पण काही होणार नाही, असं मात्र म्हणणार नाही हं."

तुझीच,
शनिवारी फोनपासून लांब बसणारी
धाकटी