काळं पिल्लू

प्रिय एलाडियो,

सीमेवरची नदी ओलांडून उत्तरेला पोचलो की फोन करतो म्हणालास. आता मक्याची कापणीही उरकली. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू?

पोरांनी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. बेतोला पांढरं हवं होतं, पण त्याची ताई इत्सेल काळ्यासाठी हटून बसली. आपल्या वाटची भाकरी त्यालाच चारते. मी ओरडले तर म्हणाली, "लवकर मोठं व्हायला नको का ते? आजी म्हणते, पांढरा कुत्रा अंग मळेल म्हणून नदीत उतरतच नाही. काळाच बाबांना पलीकडे नेईल."

"अगं बये, ती परलोकाची नदी! तो मेलेल्यांना नेतो!"

पोर पिल्लाला कुरवाळत राहिली. "माहितेय, आई. बेतोला सांगू नकोस."

मग मी माझीही भाकरी पिल्लापुढे टाकली.

तुझीच,
हसिंता