नणंदेच्या लग्नात दिलेली परीक्षा

जळगाव,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५९

तीर्थस्वरूप सौ. ताईबाईअक्का हिच्या चरणी धाकट्या मंजुळेचा डोके टेकवून नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. सासूबाईंचा गुडघा फक्त जिना चढताना दुखतो (जिना शेजाऱ्यांचा आहे, त्यामुळे फारशी अडचण नाही). आमच्या बाळ पुनाला पुढचे दात आले असून ते तो माझ्या ब्रशांवर घासतो. दोंडाईचात तुझी मिरची वाळली का? दाजींचा खोकला मिरचीचा की खरा, ते कळव.

मिरचीच्या व्यापारासाठी तिकडे येणाऱ्या रुपचंदशेटने तुला सांगितले म्हणे, की मंजुळा नणंदेच्या लग्नातून पळून गेली आणि सासू तिच्यामागे धावली. अक्का, तुझ्या पत्रातले ते वाक्य वाचून मी आधी हसले आणि मग घाबरले, कारण त्यातले निम्मे खरे आहे. तू लग्नाला आली असतीस तर हे लिहावे लागले नसते. आता हातातली कामे ठेव आणि नीट वाच.

मी इथल्या मुलींच्या शाळेत चित्रकला आणि नक्षीकाम शिकवते हे तुला ठाऊक आहेच. पण शिकवणे निराळे आणि शिकवण्याची परीक्षा देणे निराळे. मागच्या दिवाळीत शाळेच्या कमिटीने सांगितले, की बाईंनी यंदा परीक्षा दिली तर वर्ग चालेल, नाहीतर त्या तासाला शिवण सुरू करू. (शिवणाला माझा विरोध नाही. पण माझ्या मुली आता कुठे पानाला देठ काढू लागल्या होत्या.) म्हणून मी अभ्यासाला बसले. बसले म्हणजे चुलीपुढे बसले, कारण बसायला दुसरी वेळ नव्हती. एका हाताने भाकरी थापायची आणि दुसऱ्याने मुलींच्या वह्या तपासायच्या. एकदा भाकरीच्या कडेला मी बोटांनी पाकळ्या पाडल्या. इकडच्या स्वारीकडून ती भाकरी बराच वेळ फिरवून पाहणे झाले आणि 'ही कुठून तोडायची?' असे विचारणे झाले. वस्तुचित्रासाठी मांडलेले वांगे तर सासूबाईंच्या डोळ्यांत सलायचे. 'हाई वांगं देवनं शे का? रोज त्याले पाहस, रांधस कव्हय?' असे त्यांनी विचारले, आणि माझी चित्रातली छाया पुरी होण्याआधीच त्याचे भरीत झाले. भरीत उत्तम होते, तेवढे कबूल करते.

परीक्षेचे केंद्र धुळ्याला होते. सगळे ठरले, आणि नेमके पेपराच्याच दिवशीचे धाकट्या वन्संचे लग्नही ठरले, तेही धुळ्यालाच, नवऱ्यामुलाच्या दारी! मुहूर्त गोरज. पेपर सकाळी. इकडून हिशेब मांडणे झाले की सकाळी पेपर, दुपारी हळद, संध्याकाळी अक्षता, कोणाला कळायचेही नाही. 'सासूबाईंना सांगायचे काय?' म्हणून मी विचारले. 'धुळ्याच्या एकवीरेच्या दर्शनाला जाते म्हण.' अक्का, पुरुषांना युक्ती सुचते, पण तिला पाय किती फुटतील ते सुचत नाही.

जळगावहून निघालो. माझा चित्रकलेचा बोर्ड मी शालूत गुंडाळून घेतला होता. चाळीसगावला गाडी बदलताना सासूबाईंनी तो पाहिला, लग्नातला पाट समजून त्याला हळदकुंकू वाहिले आणि वर सुपारी ठेवली. मी बोर्ड तसाच आडवा धरून गाडीत चढले. लग्नाच्या दिवशी सकाळी मी सासूबाईंच्या पाया पडून म्हणाले, 'एकवीरेला जाऊन येते.' त्यांचे डोळे भरून आले. सून इतकी भाविक निघेल असे त्यांना वाटले नव्हते. त्या म्हणाल्या, 'चाल, मी बी येस.' मग मोठी मावशी उठली. मावशी उठली म्हणून तिच्या दोघी सुना उठल्या. ओटीचे खण निघाले, नारळ निघाले, पुनाला टोपडे चढले, आणि वऱ्हाडातल्या झाडून साऱ्या बायका दोन टांग्यांत बसल्या. मधोमध मी, मांडीवर हळदकुंकू लावलेला बोर्ड. इकडची स्वारी मांडवाच्या खांबाआड उभी राहून आभाळाकडे पाहत होती.

परीक्षेची शाळा वाटेतच होती. फाटक दिसले, आत पोरी रांगेने उभ्या दिसल्या, आणि मला राहवेना. 'टांगा थांबवा!' मी ओरडले आणि रस्त्यातच सासूबाईंना सगळे सांगून टाकले. कमिटी, शिवण, पानाचे देठ, सगळे. शेवटी रडलेही. (ओरडताना रडू येत नाही असे तू म्हणतेस. येते.) मावशीने तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा बोर्डावरच्या कुंकवाकडे. मग म्हणाल्या, 'देवी संध्याकायपर्यंत तठेच शे. तुना पेपर थांबी का? जाय, बस मजार. आम्ही बठ्ठ्या आठेच बसतस.'

आणि त्या खरेच बसल्या! शाळेच्या अंगणातल्या निंबाखाली सतरंजी टाकून सगळे वऱ्हाड बसले. मी आत गेले. विषय होता चौकोनात पान आणि फूल घेऊन नक्षी. मी केळफूल घेतले. पहिली रेघ मारली तोच बाहेर पुनाने सूर लावला. त्याला गप्प करायला बायकांनी लग्नाची गाणी सुरू केली. त्या गाण्यांत विहिणीला नावे ठेवायची असतात. विहीण तर जवळ नव्हती, म्हणून खिडकीतून डोकावणाऱ्या परीक्षकसाहेबांना ठेवली. त्यांचा काळा कोट, त्यांच्या मिशा, त्यांची आखूड विजार, सगळे चालीवर बसले. माझ्या शेजारी साबेरा नावाची धुळ्याच्याच रंगाऱ्याची मुलगी पेपर देत होती. तिला हसू आवरेना आणि तिचा ब्रश थरथरू लागला. साहेब तणतणत बाहेर गेले. सासूबाईंचा आवाज भिंतीतून ऐकू आला, 'पोऱ्या रडी ऱ्हायना, गानं नही म्हनो ते काय करो? तुम्ही ल्या त्याले!' थोड्या वेळाने साहेब परत आले ते पुनाला कडेवर घेऊन. पुढचा सगळा पेपर ते त्याला घेऊनच वर्गात फिरत होते, आणि पुना त्यांची मिशी तपासत होता. इतकी निवांत परीक्षा मी जन्मात दिली नव्हती.

इकडे लग्नघरी काय झाले ते ऐक. नवऱ्याकडची मंडळी दुपारची वाट न पाहता वाजतगाजत उष्टी हळद घेऊन आली, तर नवरी पाटावर एकटी! एकही बाई जागेवर नाही. विहीणबाई संतापल्या. कोणीतरी म्हणाले सून गेली, कोणीतरी म्हणाले पळून गेली, आणि तिथेच उभ्या असलेल्या रुपचंदशेटने पुढचे सगळे स्वतः रचले. इकडची स्वारी एकवीरेला धावली. तिथे आमच्यातले कोणी नाही. मग घामाने निथळत शाळेत येणे झाले तेव्हा पेपर संपला होता आणि सासूबाई परीक्षकसाहेबांना लग्नाचे आमंत्रण देत होत्या.

आम्ही परतलो. विहीणबाई दारात कमरेवर हात ठेवून. 'कुठे होतात?' त्यांनी विचारले. सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या, 'परीक्षाले. मनी सून मास्तरीण व्हवाव शे.' विहीणबाई म्हणाल्या, 'मास्तरीण आहे तर बोहल्यापुढची रांगोळी का नाही काढली अजून? गोरज काही थांबायचा नाही.' मी आल्या पावली खाली बसले. साबेराही सासूबाईंच्या आमंत्रणावरून सोबत आली होती, तिने रंग भरायला घेतले. दुसरे काही सुचेना, म्हणून सकाळचेच केळफूल काढले, चौकोन, पाने, सगळे तसेच. बायका पाहत उभ्या राहिल्या. विहीणबाईंचे हात कमरेवरून खाली आले. पण अक्का, हाताला सवय लागलेली! रांगोळी संपताच मी उजव्या कोपऱ्यात माझा परीक्षेचा नंबरही घालून टाकला. भटजींनी चष्मा सावरून विचारले, 'हा कसला आकडा?' सासूबाई झटकन म्हणाल्या, 'शुभ शे.' भटजींनी त्यावर अक्षता टाकल्या आणि लग्न लागले.

परवा निकाल लागला. मी पास झाले, साबेराही झाली. कमिटीने वर्ग चालू ठेवला आहे. माझ्या मुलींनी फळ्यावर भले मोठे केळफूल काढून माझे स्वागत केले (त्याला देठ होते). बाकी सर्व क्षेम. लहानांस आशीर्वाद.

तुझी,
मंजुळा

ता. क. : पुढच्या परीक्षेसाठी मुंबईला उन्हाळ्यात दोन महिन्यांचा वर्ग असतो. त्यात माझे नाव लागले आहे. मी घर सोडून कशी जाणार, हे मी सासूबाईंना विचारलेसुद्धा नाही. विचारायला धीर होत नाही.

ता. क. दुसरा : धीर झाला. त्या म्हणाल्या, एकटी कशी जाशील, मी येते. त्यांनी ट्रंक काढली आहे. मुंबईत एक परीक्षा त्यांनाही देता येते का, असे त्या विचारत आहेत. तेव्हा अक्का, खरी विनंती अशी, की ते दोन महिने पुनाला आणि इकडच्या स्वारीला तुझ्याकडे ठेवून घे. पुना त्रास देत नाही.

ता. क. तिसरा (वेगळ्या अक्षरात) : सौ. अक्कांस गिरधरचा, म्हणजे वरच्या 'इकडच्या स्वारी'चा, सा. नमस्कार. पत्र टपालात टाकण्यासाठी माझ्याकडे दिले, म्हणून वाचले. दोंडाईचाला येण्यास माझी काहीच हरकत नाही, असे मला त्यातूनच समजले. गाडी कोणती सोयीची पडेल?