अर्धा फेरा मागे

प्रिय कुशा,

अक्षर बघून ओळखलं असशील. ओळ उजवीकडे उतरली की तू मागून सांगायचास, गणपत, पाणी वाहून जाईल रे. आता चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून उतार जरा जास्त आहे, तेवढं चालवून घे. तुझा देवगडचा पत्ता निवृत्तांच्या यादीतून मिळाला. फोन नंबरही होता. दोनदा फिरवायला घेतला आणि ठेवला. तू हॅलो म्हणशील, मी तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं ते विचारीन, आणि बोलायचं ते राहून जाईल. बावीस वर्षं न बोललेल्या माणसाशी फोनवर कुठून सुरुवात करतात ते मला येत नाही. कागदावर निदान खोडता येतं.

आधी चौकीची खबर देतो, तुला तीच आधी हवी असणार. डिलाईल रोडची आपली पाण्याची चौकी आहे तिथेच आहे. समोर गिरणी होती तिथे काचेची इमारत झालीय, तिच्यात आपली चौकी उलटी दिसते, पत्र्यासकट. चाव्या अजून आतल्या भिंतीला ओळीने टेकवलेल्या असतात. इमारतीतली मुलंमुली जेवणाच्या सुट्टीत तिथून जातात. परवा एकीने थांबून विचारलं, आजोबा, ही एवढी मोठी हत्यारं कसली. मी म्हटलं, बाळ, रस्त्याखाली झडप असते, ती या चावीने फेरे मोजून उघडली की तुमच्या भागाला पाणी सुटतं. ती म्हणाली, मला वाटलं आपोआप येतं. मला राग नाही आला. आपण एवढी वर्षं पहाटे चारला उठून फेरे मोजले, ते लोकांना आपोआप वाटावं म्हणूनच की.

आता मोठी बातमी. आपल्या नळ कामगार सभेने अडतीस कंत्राटी पोरं कायम करून घेतली. ज्या कंत्राटाच्या भीतीने आपण तेव्हा दोन दिवस चाव्या खाली ठेवल्या होत्या ती पुढे खरीच झाली होती. आपली माणसं निवृत्त होत गेली आणि जागेवर कंत्राटाची पोरं येत गेली. काम तेच, चावी तीच, फक्त हजेरीपटावर नाव नाही. सभेतल्या जुन्यांनी, त्यात मीही होतो, आधी त्यांच्याशी नीट बोलणंही टाळलं. जणू त्यांनीच कंत्राट आणलं होतं. त्यांना सभेत घेतलं ते अपेक्षाने. अपेक्षा म्हणजे आपली आत्ताची चिटणीस. हजेरीची कारकून आहे, पस्तिशीची असेल, वडील खात्यात असताना वारले म्हणून लागली. बोलायला लागली की साहेब आधी खुर्ची देतो आणि मग तक्रार ऐकतो. तिने अकरा वर्षं कोर्टाच्या तारखा धरल्या. निकाल लागला त्या दिवशी पोरं चौकीसमोर नाचली, मुकादमालाही ओढला. मला विचारते, काका, तुमच्या वेळी सभेत बायका फक्त चहाला होत्या काय. मी म्हटलं, नाही गं, चहाही आम्हीच करायचो, म्हणून तर बैठका लवकर आटपायच्या.

सभेच्या बातम्या आता फोनवर जातात. पण दाराशेजारचा फळा तिने काढू दिला नाही. म्हणते, फोनवर शंभर जण अंगठा दाखवतात आणि वाचतात दोघं. फळ्यापुढे माणूस थांबतो. तुला आठवत असेल, सोमवारी सकाळी ओल्या फडक्याने पुसून मी त्या आठवड्याच्या बातम्या लिहायचो. बढती, बदली, बोनसचं काय झालं, कुणाच्या घरी पाळणा हलला. चौथीपर्यंत शिकलेला मी, दुकानांच्या पाट्या बघून अक्षर गिरवलेलं. तरी सभेने खडू माझ्या हातात दिला याचा मला केवढा ताठा होता. तू मागे तंबाखू मळत उभा असायचास, आणि ओळ उतरली की सांगायचास.

आणि निरोपाची आपली रीत. माणूस निवृत्त झाला की पूर्ण फळा त्याचा. नाव, किती वर्षं सेवा, आणि त्याची एक खूण, जी दुसऱ्या कुणात नाही. आठवडाभर फळा तसाच राहायचा आणि पुढच्या सोमवारी त्या माणसाने स्वतः येऊन तो पुसायचा. त्याच्याशिवाय फडक्याला कुणी हात लावायचा नाही. अण्णा गावडे पुसताना रडले आणि त्याच फडक्याने डोळे पुसले, मग दिवसभर पांढऱ्या भुवयांनी चहा पाजत फिरले. माझा निरोप मीच लिहिला आणि मीच पुसला. अक्षर सुंदर, असं लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला लिहायला सुचलं नाही, म्हणून मीच सुचवलं. हस आता.

पण हे सगळं इकडचं तिकडचं झालं. संपाच्या त्या एप्रिलवर यायला पाहिजे.

दोन दिवस कुणी चावीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. इस्पितळांची लाइन आपण आधीच उघडी ठेवली होती, बाकी सगळं बंद. मी दोन्ही दिवस, मधली रात्रसुद्धा, चौकीच्या दारात बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं आणि मी लालबागच्या झडपेवर गेलो. झाकणाभोवतीची माती ओली होती. संपाआधी ती झडप मीच आवळून बंद केली होती. आता चावी घातली, तर बंद होती, पण घट्ट नव्हती. अर्धा फेरा मागे घेतलेली होती. अख्ख्या वॉर्डात ती सवय एकट्या तुझी. आम्ही सगळे आवळून मोकळे व्हायचो, तू बंद करून अर्धा फेरा मागे यायचास. म्हणायचास, झडपेला जरा श्वास घेऊ द्यावा, नाहीतर पुढच्या वेळी अडून बसते. मला वाटलं, मातीखाली तू सही करून गेलास.

मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. सरळ चौकीत आलो आणि फळ्यावर लिहिलं : संपात लालबागची झडप उघडणारा, कुशाबा घाडी. पोरं जमली. कुणी म्हणालं, हॉटेलवाल्याकडून पैसे घेतले असतील. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. तू आलास, फळा वाचलास, चावी भिंतीला टेकवलीस. मी भांडणाची तयारी करून उभा होतो. तू एवढंच म्हणालास, गणपत, आज ओळ सरळ आली रे. आणि गेलास. महिन्याभरात बदली मागून मालाडला. नऊ वर्षांपूर्वी तिकडेच निवृत्त झालास ते मला कळलं होतं. मी आलो नाही. आपल्या फळ्यावर तुझा निरोप लागला नाही, त्याची आठवण करून द्यायला कुणी जुना उरला नव्हता, आणि मी ती स्वतःलाही करून दिली नाही.

गेल्या महिन्यात अपेक्षा पेढे घेऊन घरी आली. पोरांचा हट्ट होता की कायम झाल्याची बातमी फळ्यावर जुन्या अक्षरात हवी. मी खूश. चहा झाला, मी तिला जुने दिवस सांगायला बसलो. सांगता सांगता तो संप आला. म्हटलं, सगळे कसे एक होतो, फक्त एक जण फुटला. आमची रखमा दारात कोलंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, पाणी मी मागितलं होतं कुशाभावजींकडे.

मला आधी वाटलं, कोलंबीबद्दल काहीतरी बोलतेय.

मग तिने सांगितलं. तुला ते सगळं ठाऊक आहे, मला नव्हतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंतच आमच्या लालबागच्या चाळीतली पिंपं कोरडी पडली. टँकर आला तो खालच्या दुकानांतच रिकामा झाला. शेजारच्या कमलाबाईची सून नऊ दिवसांची ओली बाळंतीण, बाळाला अंग धुवायला पाणी नाही, उकळून पाजायला नाही, आणि कमलाबाई जिन्यात बसून रडतेय. दुसऱ्या दिवशी रखमा उजाडायच्या आत तुझ्या खोलीवर आली. तू पंधरा मिनिटं पाणी सोडलंस, मोजून. सगळ्या चाळीने भरून घेतलं आणि सगळी चाळ बावीस वर्षं गप्प बसली. मी रखमाला विचारलं, माझ्याकडे का नाही आलीस. तर म्हणते, तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मला पुढे तुमच्याबरोबरच नांदायचं होतं. मग म्हटलं, निदान नंतर तरी सांगायचंस. तेव्हा तिने तुझे शब्द सांगितले, तुझ्याच बोलीत. वयनी, गणपताक सांगू नकात. तो फळ्यार तुमचा नाव लिवतलो. लिवल्यान तर तुमका झोप येवची नाय, नाय लिवल्यान तर तेका.

तू मला किती नीट ओळखत होतास रे. मी लिहिलंच असतं. बायकोचं नाव लिहून, वर माझी निष्ठा बघा म्हणून छाती काढून फिरलो असतो. आणि खरी गंमत पुढे आहे. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौकीवरून उन्हाचा घरी आलो होतो. रखमाने माठातलं पाणी दिलं, मी उभ्यानेच दोन तांबे प्यायलो आणि परत दारात जाऊन बसलो. दोन दिवस नळ कोरडा, मग माठात पाणी कुठलं, हे पाण्याच्या खात्यातल्या माणसाने विचारलं नाही. तहान लागली होती, बस. झडपेचा अर्धा फेरा मला दिसला, घरचा माठ दिसला नाही.

अपेक्षा सगळं ऐकत होती. पेढ्याचा पुडा बंद केला, उठली, आणि दारात चपला घालताना म्हणाली, काका, फळा तुमच्याकडेच आहे. त्यानंतर दोन दिवस मी आणि रखमा बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, कढीत आमसुलं किती घालू. मी सांगितलं, आणि झालं ते सुरळीत. उलट बरं चाललंय. आता ती मला अधूनमधून त्या पहाटेचं आणखी काही सांगते, तू गंजीफ्रॉकवरच कसा निघालास, खोलीवर ठेवलेली चावी वाजू नये म्हणून तिला टॉवेल कसा गुंडाळलास. ते नऊ दिवसांचं बाळ म्हणजे आमचा निलेश. बावीस वर्षांचा धिप्पाड झालाय, जिन्यात मला म्हणतो, आजोबा, बाजू द्या. त्याला सांगितलं सगळं. तर म्हणतो, म्हणजे माझी पहिली बादली कुशाआजोबांची.

पोरांच्या कायम होण्याची बातमी आठवडाभर फळ्यावर होती, अडतीसच्या अडतीस नावं, तीन रकान्यांत. पुढच्या सोमवारी मी ती पुसली आणि तुझा निरोप लिहिला, पूर्ण फळाभर. काय लिहिलं ते इथे उतरवतो. कुशाबा घाडी. सेवा छत्तीस वर्षं. झडप बंद करून अर्धा फेरा मागे घ्यायचा. संपात लालबागला पंधरा मिनिटं पाणी सोडलं, ते रखमा गणपत तावडे हिने बाळंतिणीसाठी मागितलं होतं. या फळ्यावर तेव्हा लिहिलेली ओळ चुकीची होती. लिहिणाराही ते पाणी प्यायला आहे. रखमाचं नाव मी घालणार नव्हतो. तीच म्हणाली, घाला, बावीस वर्षं राहिलंय. दुपारी स्वतः चौकीवर येऊन वाचून गेली, आणि जाताना मुकादमाला चहा गोड झालाय म्हणून सुनावून गेली. पोरांनी अर्ध्या फेऱ्याचं विचारलं. आता त्यातले दोघं-तिघं करून बघतायत आणि मुकादम त्यांच्यावर ओरडतो.

तर कुशा, पत्र लिहायचं कारण असं, की तो फळा आता अडलाय. तिसरा सोमवार गेला. रीतीप्रमाणे तो तूच पुसायचा, दुसऱ्या कुणी नाही. मुकादम एकदा फडकं घेऊन उठला होता, तर अपेक्षा फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. सभेच्या बातम्या ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दारावर चिकटवतेय. दार भरत आलंय, आता खिडकीला हात घालेल. तेव्हा ये. आमच्याकडे उतर, रखमाने गादी उन्हात घातली आहे. पुसायची घाई करू नकोस, आधी मागे उभा राहून नीट बघ. ओळी उजवीकडे चांगल्याच उतरल्यात, पार चौकटीला टेकल्यात, आणि ते सांगायला इथे कुणी नाही. फडकं मी ओलं करून ठेवतो.

तुझाच,
गणपत